परदेशात शिकताना फायनान्समध्ये अर्धवेळ काम: कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी

विद्यापीठात शिकत असताना फायनान्समधलं अर्धवेळ काम मिळतं. मात्र ते लंडनच्या काचेच्या इमारतीतल्या गुंतवणूक बँकेत मिळेल ही आशा विमानात बसण्याआधीच सोडून द्या. ते मिळतं दोन-तीन भागीदारांच्या छोट्या अकाउंटंट फर्ममध्ये, विद्यापीठाच्याच फायनान्स विभागात, विद्यार्थी संघटनेच्या हिशेबात, नाहीतर एखाद्या घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या मागच्या खोलीत, जिथं तीन महिन्यांची बिलं खोक्यात साठलेली असतात. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या सीएकडं बसून ज्यानं खतावणी जुळवली आहे, त्याला यातलं निम्मं काम आधीच येतं. मुलं अडतात ती दोन ठिकाणी: व्हिसाचे नियम नीट वाचलेले नसतात, आणि आपल्याला काय येतं ते समोरच्याला समजेल असं सांगता येत नाही.

मी शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. शाहूपुरीत एका सीएच्या ऑफिसात काम केलं, मग लीड्सला अकाउंटिंग अँड फायनान्समध्ये एम.एस्सी. केलं आणि तेव्हा ब्रॅडफर्डच्या एका छोट्या फर्ममध्ये अर्धवेळ हिशेब लिहिले. आता राजारामपुरीत बसून ब्रिटनमधल्या अशाच फर्मांची पुस्तकं करते. त्यामुळं खालचं बहुतेक सगळं ब्रिटनचं आहे. बाकीच्या देशांचे तास पुढं थोडक्यात दिले आहेत.

पैशाचं गणित घरात बसून मांडा

आई-वडिलांना सांगितलं जातं, "पोरगं तिकडं कमवून फी भरेल." हे होत नाही. आकडेच बघा. ब्रिटनमध्ये २१ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पौंड होतं, एप्रिल २०२६ पासून १२.७१ पौंड. आठवड्याला पूर्ण वीस तास मिळाले तरी २५४ पौंड, म्हणजे महिन्याला अकराशेच्या आसपास. आणि व्हिसा देताना ब्रिटनचं गृहखातंच राहण्या-खाण्यासाठी लंडनबाहेर महिन्याला १,१७१ आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड धरतं. नऊ महिन्यांचे हे पैसे, लंडनबाहेर असाल तर १०,५३९ पौंड, सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. पुढं मिळणारा अर्धवेळ पगार त्यात धरता येत नाही. म्हणजे सगळे तास भरले तरी जेमतेम पोट भागतं. फी आणि कर्जाचा हप्ता त्यातून निघत नाही. शिवाय फायनान्सच्या कामात सुरुवातीला दहा-बारा तासच मिळतात. हॉटेलात किंवा गोदामात तास जास्त मिळतील, हे खरं आहे. तरी मी दहा तासांचं हिशेबाचं काम निवडा म्हणेन, कारण पदवीनंतरच्या मुलाखतीत त्या दहा तासांबद्दलच विचारलं जातं. ज्यांच्या घरी पैशाची खरोखर ओढाताण आहे त्यांनी आधी हॉटेलचं काम धरावं आणि सत्र अंगवळणी पडल्यावर हिशेबाच्या कामाकडं वळावं. त्यात कमीपणा नाही.

वीस तास म्हणजे नक्की काय

पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात पंधरा आणि पुढच्या आठवड्यात पंचवीस, सरासरी वीस, असं चालत नाही. पंचविसाचा आठवडा म्हणजे नियमभंगच. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडचे तास एकत्र मोजतात. बिनपगारी इंटर्नशिपचे तासही त्यातच येतात, आणि नेमकं हेच पुष्कळांना माहीत नसतं.

एक वर्षाच्या एम.एस्सी.ला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी. पदवीच्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते आणि त्या सुट्टीत ती पूर्णवेळ काम करू शकतात. तुमचा उन्हाळा प्रबंधाचा असतो, आणि तो काळ साधारणपणे सत्रातच धरला जातो. त्यामुळं जून ते सप्टेंबरही वीसच तास. मोठ्या बँकांच्या उन्हाळी इंटर्नशिप पूर्णवेळ असतात, त्यामुळं त्या तुमच्यासाठी नाहीत. विद्यापीठाकडून सत्राच्या तारखांचं पत्र घ्या. मालकाला ते ठेवावंच लागतं, आणि तुमच्याकडं तयार असलं की चांगली छाप पडते.

दुसरी अट तासांइतकीच कडक आहे: स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. फ्रीलान्स नाही, कमिशनवर एजंट नाही, घरी शिकवणी घेऊन पैसे घेणं नाही. कोल्हापुरातून गेलेल्यांसाठी याचा अर्थ स्पष्ट सांगते. मामाच्या दुकानाचं जीएसटी रिटर्न लीड्सच्या खोलीत बसून भरायचं आणि मामानं महिन्याला पैसे पाठवायचे, हेही यात येतं. मामा घरचा असला तरी काम तुम्ही ब्रिटनमध्ये बसून करताय. निघण्याआधी ते काम दुसऱ्या कुणाकडं सोपवून जा.

निघण्याआधीची तयारी

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगते, कारण तिथं पोहोचल्यावर असाइनमेंट सुरू होतात आणि काही नवीन शिकायला उसंत मिळत नाही.

टॅली येतं म्हणून थांबू नका. तिथल्या छोट्या फर्मा झीरो, क्विकबुक्स आणि सेज वापरतात. झीरोचं चाचणी खातं उघडलं की त्यात एक नमुना कंपनी तयार मिळते. तिचा देश ब्रिटन करून घ्या आणि बँक जुळवणी करत बसा. क्विकबुक्सचं प्रो-ॲडव्हायझर प्रशिक्षण ऑनलाइन फुकट आहे आणि परीक्षा पास झालं की प्रमाणपत्र मिळतं. जमा-नावे तेच आहे, पडदा वेगळा आहे. पण मुलाखतीत "झीरो वापरलंय का?" याला "हो" म्हणता आलं पाहिजे.

मग कर समजून घ्या. ज्यानं जीएसटी केलाय त्याला व्हॅट लवकर कळतो, पण दोन ठिकाणी हात थबकतो. आपल्याला सवय असते जीएसटीच्या पोर्टलवर टू-बी (जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांची यादी) उघडून पुरवठादाराची बिलं चढलीत का बघायची. ब्रिटनमध्ये असं जुळवून देणारं पोर्टल नाही. तिथं खरेदीवरचा व्हॅट परत घ्यायचा तर पुरवठादाराचा व्हॅट क्रमांक असलेलं बिलच पुरावा, त्यामुळं बिल नीट बघणारा माणूस फर्मला मोलाचा वाटतो. दुसरं, दर. सर्वसाधारण दर २० टक्के, पण बहुतेक खाद्यपदार्थांवर शून्य, आणि त्यातही बारकावे: थंड सँडविच बांधून नेलं तर शून्य, तेच दुकानात बसून खाल्लं तर २० टक्के, आणि गरम खाणं बांधून नेलं तरी २० टक्के. लीड्स-ब्रॅडफर्डकडचे निम्मे ग्राहक टेकअवेवाले आणि किराणावाले. हा एवढा भाग नीट माहीत असला तरी पहिल्या आठवड्यात उपयोग होतो. नोंदणीची मर्यादा एप्रिल २०२४ पासून वर्षाला ९०,००० पौंड उलाढाल. रिटर्न आणि पैसे तिमाही संपल्यावर एक महिना आणि सात दिवसांत.

शिवाजी उद्यमनगरातल्या किंवा शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांचं काम ज्यांनी केलंय, त्यांनी कंत्राटदाराचा टीडीएस नक्की कापला असेल. ब्रिटनमध्ये बांधकाम क्षेत्रासाठी असाच प्रकार आहे, त्याला सीआयएस म्हणतात. मुख्य कंत्राटदार पोटकंत्राटदाराचे पैसे देताना, तो नोंदणीकृत असेल तर २० टक्के आणि नसेल तर ३० टक्के कापून सरकारजमा करतो. आपल्याकडच्या एक-दोन टक्क्यांपुढं हा आकडा मोठा वाटतो, पण कापायचं, भरायचं, दाखला द्यायचा हा क्रम तोच. सीआयएस येणारी माणसं छोट्या फर्मांना सहज मिळत नाहीत. मुलाखतीत हा विषय तुम्ही स्वतःहून काढा.

बारीक वाटेल असं एक: एक्सेलमध्ये लाखाचा स्वल्पविराम काढून टाका. १२,५०,००० असा आकडा तिथल्या माणसाला वाचता येत नाही, १,२५०,००० लागतं. लॅपटॉपची प्रादेशिक सेटिंग बदला आणि महिनाभर तसंच काम करा, म्हणजे डोळ्यांना सवय होते.

सीव्ही पुन्हा पहिल्यापासून लिहा. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही, शेवटचं "वरील माहिती सत्य आहे" हे प्रतिज्ञापत्र, सगळं काढा. दोन पानांच्या आत ठेवा. "सीए ऑफिसात आर्टिकल म्हणून काम केले" या वाक्यातून तिथल्या माणसाला काही कळत नाही. काय केलं ते लिहा: किती ग्राहकांची पुस्तकं, कुठल्या धंद्याची, दर महिन्याला काय जुळवत होता, फरक कुठं सापडला. मार्केट यार्डातल्या अडत दुकानात दिवाणजींच्या हाताखाली बसून गुळाच्या पट्ट्या केल्या असतील तर तेही लिहा. शेतकऱ्याचा माल, वजन, सौद्याचा दर, त्यातून हमाली-तोलाई वजा जाता हातात येणारी रक्कम, आणि हे सगळं त्याच दिवशी चुकतं करणं: हा पुरवठादारांच्या हिशेबाचा खराखुरा अनुभव आहे. तो लपवणारी मुलं बघितली की मला वाईट वाटतं.

फायनान्सच्या कामाला काही मालक पार्श्वभूमीची तपासणी करतात. भारतातला पोलीस दाखला पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवरून अर्ज करून मिळतो. इथं असताना तो काढणं सोपं, तिथून काढणं कटकटीचं. जुन्या ऑफिसकडून अनुभवपत्र घ्या आणि ज्यांचा संदर्भ देणार त्यांना आधी सांगून ठेवा, कारण तिकडून ईमेल खरोखर येतो. आणि बँकेत जाऊन सांगा की तुम्ही शिकायला परदेशी निघालात. परकीय चलनाच्या नियमांत विद्यार्थीही अनिवासी धरला जातो, त्यामुळं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. डीमॅट असेल तर तेही बदलायचं, आणि अनिवासी झाल्यावर शेअरमध्ये इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, करता येत नाही. आपल्याकडची बरीच पोरं मोबाइलवर हेच करत असतात, म्हणून लिहिलं.

काम कुठं आणि कधी शोधायचं

सप्टेंबरच्या शेवटी पोहोचलात की पहिल्या पंधरवड्यात विद्यापीठाच्या करिअर विभागात जाऊन नाव नोंदवा. बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठीच्या अर्धवेळ कामांची अंतर्गत यादी असते. त्यातली कामं वीस तासांचा नियम सांभाळूनच दिलेली असतात. फायनान्स विभागात बिलं चढवणं, फीची विचारणा हाताळणं, असं काम तिथं निघतं. बाजाराची आर्थिक माहिती दाखवणारं ब्लूमबर्गचं टर्मिनल असलेली खोली असेल तर तिथं मदतनीस लागतो का विचारा. लागत नसला तरी त्या टर्मिनलवरचा मार्केट कॉन्सेप्ट्सचा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घ्या.

छोट्या फर्मांसाठी मात्र स्वतः उठून जावं लागतं. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल, आणि वैयक्तिक विवरणपत्र ऑनलाइन भरायची शेवटची तारीख ३१ जानेवारी. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत या फर्मा आपल्याकडच्या सीए ऑफिसांसारख्याच घाईत असतात. त्यांना माणूस हवा असतो, पण जाहिरात द्यायला वेळ नसतो. ऑक्टोबरच्या मध्यात चार-पाच ओळींचा ईमेल लिहा: कोण, कुठं शिकतोय, आठवड्याला किती तास, कुठलं सॉफ्टवेअर, व्हॅट आणि सीआयएस समजतो. आठवड्यानं फोन करा. जमलं तर स्वतः जा. आपल्याकडच्या मुलांना अनोळखी दारात जायचा संकोच वाटतो, पण तिथं त्याला कुणी आगाऊपणा समजत नाही. ब्रॅडफर्ड, लेस्टर, बर्मिंगहॅम, वेम्बली अशा ठिकाणी पंजाबी, गुजराती, पाकिस्तानी दुकानदारांचे हिशेब करणाऱ्या फर्मा भरपूर आहेत. हिंदी येत असेल तर ते सीव्हीत लिहा.

एक धोका इथंच सांगते. जानेवारीत बऱ्याच विद्यापीठांच्या परीक्षा असतात, आणि फर्मची सगळ्यात मोठी घाईही जानेवारीतच. काम घेतानाच परीक्षेच्या तारखा सांगून ठेवा आणि डिसेंबरच्या सुट्टीत जास्त तास भरायची तयारी दाखवा. ती सुट्टी विद्यापीठाच्या तारखांत सुट्टी म्हणून असेल तर तेव्हा पूर्णवेळ काम चालतं.

पहिला पगार हातात आला की

काम सुरू करताना मालकाला शेअर कोड, म्हणजे काम करायचा हक्क ऑनलाइन तपासायचा संकेतांक, द्यावा लागतो. तुमच्या ई-व्हिसाच्या खात्यातून तो काढता येतो. नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) क्रमांक यायला वेळ लागतो, पण त्याचा अर्ज केला असेल आणि काम करायचा हक्क सिद्ध होत असेल तर क्रमांक येण्याआधीही काम सुरू करता येतं. क्रमांक नाही म्हणून रोखीत पैसे देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

पहिल्याच दिवशी एक फॉर्म भरायला देतात, स्टार्टर चेकलिस्ट. त्यात ए, बी, सी अशी तीन विधानं असतात. ६ एप्रिलनंतरचं हे तुमचं पहिलंच काम असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल तर विधान ए. चुकून सी निवडलं की करसंकेत चुकतो आणि पहिल्या पौंडापासून कर कापला जातो. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत उत्पन्नाला कर नाही, त्यामुळं तुमचा करसंकेत साधारणपणे १२५७-एल असायला हवा. बीआर दिसलं तर सरसकट २० टक्के कापलं जातंय. दुसरं काम असेल तर ते बरोबर, एकच असेल तर लगेच विचारा. नॅशनल इन्शुरन्स आठवड्याला २४२ पौंडांच्या वर ८ टक्के. गुळाची पट्टी जशी वाचता तशीच पगाराची पावती वाचा: वर पूर्ण रक्कम, मधे वजावटी, खाली हातात काय.

दोन गोष्टी त्या पावतीत शोधा. पहिली, रजेचा पगार. अनियमित तासांच्या कामावरही रजा मिळते, केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के या हिशेबानं. छोट्या ठिकाणी ती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागण्यात गैर काही नाही. दुसरी, पेन्शन. वय २२ पूर्ण असेल आणि महिन्याला ८३३ पौंडांच्या वर पगार असेल तर आपोआप पेन्शन योजनेत नाव जातं. ते पैसे पन्नाशी उलटेपर्यंत काढता येत नाहीत. वर्षभरात कोल्हापूरला परतायचं पक्कं असेल तर एक महिन्याच्या आत नकार कळवला की कापलेले पैसे परत मिळतात. राहायचा विचार असेल तर ठेवा, कारण मालकही त्यात भर घालतो.

ही कामं घेऊ नका

"फायनान्स असिस्टंट, घरबसल्या, तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढं पाठवा." व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर अशा जाहिराती फिरतात. हे चोरीचे पैसे फिरवणं आहे. त्यासाठी ब्रिटनच्या कायद्यात १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि "मला माहीत नव्हतं" म्हटल्यानं बंद झालेलं बँक खातं उघडत नाही. फायनान्समध्येच करिअर करायचं असणाऱ्याच्या नावावर असा डाग लागला तर पुढं कुठलीही बँक दारात उभी करत नाही.

याचंच सौम्य दिसणारं रूप म्हणजे मित्रामित्रांतली अदलाबदल: "तुझ्या बाबांनी गावाकडं माझ्या काकांना रुपये द्यावेत, मी तुला इथं पौंड देतो." दर चांगला मिळतो, ओळखीचा माणूस असतो, आणि आपल्याकडं भिशीपासून सगळं विश्वासावर चालत असल्यानं त्यात काही वावगं वाटत नाही. पण ते पौंड कुठून आले हे तुम्हाला माहीत नसतं. पैसे बँकेतूनच मागवा, थोडा दर कमी मिळाला तरी.

तिसरा प्रकार कायदेशीर असतो पण तुमच्यासाठी नाही: विमा, गुंतवणूक योजना किंवा परकीय चलनाचं ट्रेडिंग विकायचं, पगार नाही, फक्त कमिशन, आणि करारात तुम्ही "स्वयंरोजगारी". जाहिरातीत कितीही मोठं पद लिहिलेलं असलं तरी विद्यार्थी व्हिसावर ते चालत नाही. करारात पगारदार नोकर असल्याचं आणि मालक पगारातून कर कापणार असल्याचं लिहिलंय ना, एवढं बघा.

दुसऱ्या देशांत जाणार असाल तर

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून सत्रात पंधरवड्याला ४८ तास. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास. आयर्लंडमध्ये एरवी २०, आणि जून ते सप्टेंबर व १५ डिसेंबर ते १५ जानेवारी ४० तास. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत पहिल्या वर्षी फक्त कॅम्पसवर, सत्रात २० तास. बाहेरचं काम अभ्यासक्रमाशी निगडित परवानगी घेऊनच. तिथं विद्यापीठाच्या हिशेब विभागाखेरीज फायनान्सचं काम पहिल्या वर्षात मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून त्याच दारात लवकर जा.

काम सोडताना

अभ्यासक्रम संपल्यावर ब्रिटनमध्ये राहून काम करायचं तर ग्रॅज्युएट व्हिसा असतो. पदवी आणि एम.एस्सी.वाल्यांना तो दोन वर्षांचा मिळतो, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच. अर्ज विद्यार्थी व्हिसा संपायच्या आत आणि ब्रिटनमध्ये असतानाच करायचा. अर्धवेळ काम केलेल्या फर्मनंच पुढं पूर्णवेळ घेतलं असं पुष्कळदा होतं, म्हणून प्रबंधाच्या काळातही आठवड्याला निदान पाच-सहा तास तिथं जात राहा.

परत येणार असाल तर शेवटच्या दिवशी पी-४५, म्हणजे पगार आणि कापलेला कर दाखवणारा मालकाचा दाखला, मागून घ्या आणि फर्मकडून संदर्भपत्र त्यांच्या लेटरहेडवर घ्या, त्यात कामाचं स्वरूप नीट लिहिलेलं असू द्या. कर जास्त कापला गेला असेल तर देश सोडताना पी-८५ फॉर्म भरून तो परत मागता येतो. परतावा जमा होईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका, आणि कर खात्याला कोल्हापूरचा पत्ता पिनकोडसह कळवा.